वाफेच्या गाडीचं तिकीट आणि वर्गणीची पावती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी लाइटची छोटी गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी लातूर, मुरूड, ढोकी, येडशी या पट्ट्यात पन्नाशीपुढच्या कुणापाशीही तिचा विषय काढा, माणूस खुर्ची ओढून बसतो. आम्ही सात-आठ जण या गाडीच्या आठवणी, तिकिटं, फोटो गोळा करतो. परदेशात अशा जुन्या गाड्या गावकरी स्वतः चालवतात, हे कुणीतरी मोबाइलवर बघतं आणि मग पैशाचे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण माझं आयुष्य पतसंस्था आणि सोसायट्यांची ऑडिटं करण्यात गेलं. तीच ती उत्तरं चहाच्या टपरीवर देऊन झाली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

हेरिटेज रेल्वे म्हणजे नेमकी कुणाची रेल्वे?

सरकारनं किंवा कंपनीनं सोडून दिलेली, पण हौशी लोकांनी मरू न दिलेली. याची सुरुवात वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून झाली. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. त्यांनी ती तोट्यात चालवली आणि १९५० मध्ये ते वारले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात काही लोक जमले, मंडळ स्थापन झालं आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. आज ब्रिटनमध्ये अशा रेल्वेंवर सुमारे २२ हजार स्वयंसेवक राबतात आणि सुमारे ४ हजार माणसं पगारी आहेत. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

याचा आपल्या लातूरशी काय संबंध?

वाटतो त्याहून जवळचा. बार्शी लाइट उभारली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. अडीच फुटी रूळ, एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. इथला अनुभव घेऊन कॅल्थ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये तशीच अडीच फुटी ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ लाइन बांधली. म्हणजे नमुना इकडून तिकडं गेला! ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तेव्हा वाचवणारी मंडळं जन्मालाच आली नव्हती. आज तिथं सायकलींची नि चालण्याची वाट आहे.

आठ-दहा मैलांच्या फेरीला एवढं तिकीट? आमची पॅसेंजर तर लातूरहून कुर्डुवाडीला किती कमी पैशात नेते!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तुलनाच चुकीची असते. पॅसेंजरचं तिकीट स्वस्त आहे कारण उरलेले पैसे दुसरं कुणीतरी भरतं. भारतीय रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल करते, असं तिकिटावरच छापलेलं असायचं. उरलेला भार मालगाडीतला कोळसा आणि सिमेंट उचलतो. हेरिटेज रेल्वेला मालगाडी नसते. दार्जिलिंगला वाफेच्या इंजिनाची जवळच्या घूम स्टेशनापर्यंतची जॉय राइड हजार रुपयांहून महाग आहे आणि त्याच रुळावरच्या साध्या प्रवासाच्या मानानं ते दर भलतेच वाटतात. कारण तिथं तुम्ही अंतर विकत घेत नाही, इंजिन बघण्याचे पैसे देता.

आता खर्चाकडं या. वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. पहिली गाडी सकाळी दहाला असली, तर पहाटे, मोठं इंजिन असेल तर आदल्या दिवशीच विस्तव घालावा लागतो. थंड बॉयलर घाईनं तापवला की पत्रे आणि नळ्या ताणल्या जातात, दुरुस्ती वाढते. म्हणजे गाडी एक फूट हलायच्या आत कोळसा जळलेला असतो. त्यात ब्रिटनमधला देशी कोळसा जवळपास संपला. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि आता बहुतेक कोळसा बोटीनं बाहेरून येतो. विमा, रूळ, पूल, सिग्नल, फाटकं यांचा खर्च गाडी चालो न चालो, चालूच असतो.

सगळे फुकट राबतात ना? मग पैसा जातो कुठं?

गावचा सप्ताह आठवा. वाढपी फुकट, भाजी चिरणाऱ्या बायका फुकट, मंडपाला खड्डे खणणारी पोरं फुकट. पण आचारी पैसे घेतो, मंडपवाला घेतो, कीर्तनकार महाराजांचं पाकीट असतं, जनरेटरला डिझेल लागतं. श्रमदानानं सप्ताह स्वस्त होतो, फुकट होत नाही.

तिथंही तसंच. बॉयलरचं वेल्डिंग, हिशेब, तिकीट आरक्षण, सुरक्षिततेची जबाबदारी ही कामं बहुधा पगारी असतात, कारण ती रविवारच्या सवडीनं होत नाहीत. शिवाय स्वयंसेवकालाही खर्च असतो: प्रशिक्षण, परीक्षा, गणवेश, वैद्यकीय तपासणी. इंजिन पुसणाऱ्यापासून फायरमन आणि फायरमनपासून ड्रायव्हर व्हायला वर्षं जातात. मध्येच माणूस सोडून गेला तर शिकवण्यावर घातलेला वेळ पाण्यात. पगारी माणसं वाढली की जुने स्वयंसेवक कुरकुरतात, ‘आम्ही फुकट आणि तो पगारावर?’ ही कुरकूर आपल्याकडच्या प्रत्येक मंडळात ऐकलेली आहे.

तिकिटाचा दर ठरवतात तरी कसा?

गाडीत ४० माणसं बसली काय आणि २०० बसली काय, कोळसा जवळपास तेवढाच. त्यामुळं मोकळी खुर्ची हाच खरा तोटा. यातून बाकीच्या युक्त्या निघतात.

आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त, खिडकीवर महाग. हे विमानासारखं लुटायला नसतं. किती लोक येणार हे आधी कळलं की डबे किती जोडायचे, जेवण किती शिजवायचं हे ठरतं. पावसाचं तिकडं काही सांगता येत नाही आणि आधी पैसे भरलेला माणूस पावसातही येतो. एका फेरीपेक्षा दिवसभराचं तिकीट पुढं करतात, कारण दिवसभर थांबलेला माणूस दोनदा चहा पितो. आईबाप आणि दोन-तीन पोरांचं एकत्र तिकीट असतं. आठवड्यातल्या रिकाम्या दिवशी गाडी सोडतच नाहीत. आमच्यातल्या एकाला हे पटत नाही, ‘रेल्वे म्हणजे रोज पाहिजे’ असं त्याचं म्हणणं. पण रिकामी गाडी रोज पळवणं ही हौस सरकारला परवडते.

तिकीट सरसकट स्वस्त केलं तर गर्दी वाढेल असं सगळ्यांना वाटतं. थोडी वाढतेही. पण घरचं चौघांचं पेट्रोल आणि जेवण धरलं, तर तिकीट हा त्या दिवसाच्या खर्चाचा एक भागच असतो. दर चौथाईनं उतरवला तर उत्पन्न तेवढंच राखायला तिसऱ्या हिश्शानं जास्त माणसं लागतात. ७५ रुपयांच्या तिकिटांनी १०० ची भरपाई करून बघा, आकडा लगेच दिसेल.

जवळच्या गावातल्या लोकांना सवलत मिळते का?

बऱ्याच ठिकाणी मिळते आणि मिळायलाच हवी. शिट्टी आणि धूर त्यांच्याच दारात असतो.

मग खरी कमाई कशातून?

चहा, केक, पुस्तकं, खेळणी. तिकिटाच्या पैशाला वाटा फुटलेल्या असतात, चहाच्या कपात मात्र चांगलं मार्जिन असतं. नाताळात सांताक्लॉजची गाडी ही तर त्यांची सुगी. डिसेंबरच्या थोड्या दिवसांत, एरवी ओसाड पडणाऱ्या मोसमात, प्रत्येक खुर्ची आधीच विकली जाते आणि त्या कमाईवर हिवाळ्यातली दुरुस्ती चालते. चालत्या गाडीतलं जेवण, एक दिवस पैसे भरून स्वतः इंजिन चालवण्याचा अनुभव, सिनेमावाल्यांना स्टेशन भाड्यानं देणं हेही आहेच. आपल्याकडं खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेत दुकानांच्या जागांचं भाडं येतं. देवळाच्या पेटीपेक्षा त्याचा हिशेब करणं सोपं असतं. तसंच काहीसं.

तिकिटाच्या पैशातून नवा बॉयलर का नाही करत?

इथं मला थांबून बोलायचं आहे.

ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरची साधारण दहा वर्षांची मुदत असते. ती संपली की इंजिन उभं राहतं, अख्खं उघडावं लागतं. समजा, आपल्याकडं असं एक इंजिन आहे आणि दहा वर्षांनी दुरुस्तीला ३ कोटी रुपये लागणार आहेत. वर्षाला ८० दिवस ते चालतं, म्हणजे दहा वर्षांत ८०० दिवस. दर दिवशी ३७,५०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. दिवसाला २५० माणसं बसली तर माणशी १५० रुपये फक्त बॉयलरसाठी, त्यात ना कोळसा, ना विमा, ना रूळ. आणि पाऊस पडून १२५ च माणसं आली तर तेच ३०० होतात. आकडे मी मांडलेले आहेत, रीत मात्र खरी आहे. एवढं सगळं तिकिटावर टाकलं तर पोरंबाळं घेऊन कुणी येणार नाही.

म्हणून शहाण्या रेल्वे दोन खिसे ठेवतात. तिकीट, चहा, सांताक्लॉज यातून आजची गाडी चालते: कोळसा, पगार, वीज. देणग्या, मृत्युपत्रातल्या रकमा, अनुदान यातून उद्याची गाडी उभी राहते: बॉयलर, पूल, शेड. आजच्या खिशात उरलं तर उद्याच्या खिशात घालावं. उलटं कधी करू नये. बॉयलरसाठी दिलेली देणगी पगाराला वापरली की त्या महिन्यात कुणाला कळत नाही, पुढच्या वर्षीही कळत नाही, आणि ज्या दिवशी बॉयलर उघडतो त्या दिवशी तिजोरीत फक्त पावत्यांची स्थळप्रत निघते.

एका पतसंस्थेत मी हे बघितलं आहे. मुदत ठेवीतून पगार, पगारातून सहल, सहलीचे फोटो अहवालात छान छापलेले. मी शेरा लिहिला, तर पुढच्या वर्षी मलाच बदललं.

तिकडच्या कायद्यात देणगीदारानं कारण सांगून दिलेले पैसे त्याच कारणासाठी वापरावे लागतात. ‘अमुक इंजिनासाठी’ म्हणून आलेला पौंड कोळशाला लावता येत नाही. त्यामुळं एखाद्या रेल्वेच्या ताळेबंदात लाखो पौंड दिसतात आणि तरी हातात रोकड नसते. बाहेरच्याला वाटतं, ही मंडळी नाटक करायलीत. नाटक नसतं ते.

तिकिटावर ‘गिफ्ट एड’ असं काहीतरी असतं, ते काय?

ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या माणसानं धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला, तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. तिकीट ही देणगी नव्हे. पण माणसानं प्रवेशदरापेक्षा किमान १० टक्के जास्त स्वखुशीनं दिले, किंवा त्या पैशात त्याला वर्षभर येण्याचा हक्क दिला, तर ठरावीक अटींवर सगळी रक्कम देणगी धरता येते. २० पौंडांच्या जागी २२ दिले, तर संस्थेला वरून साडेपाच मिळतात. म्हणूनच काही रेल्वे तिकिटाऐवजी वर्षाचा पास विकतात. लोक दुसऱ्यांदा येतील ही भीती असते, पण आले तरी चहा पिणारच.

आपल्याकडं देणगीवरच्या आयकर सवलतीत, जिला सगळे ८०जी म्हणतात, उलटी रीत आहे. संस्थेला वरून काही मिळत नाही, देणाऱ्याला करात सूट मिळते, साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर. तीही जुनी करप्रणाली निवडलेल्यालाच. रोख दिलं तर २,००० रुपयांपर्यंतच. आणि खुर्चीच्या बदल्यात घेतलेले पैसे देणगी म्हणून दाखवायचे नाहीत. जेवणाच्या कूपनला ८०जी ची पावती फाडणारे मी बघितलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आजीव सभासद व्हावं का?

तुम्ही व्हा, मंडळानं मात्र जपून करावं. एकदाच पैसे घ्यायचे आणि माणूस जगेल तोवर सवलतीत बसवायचं, मासिक पाठवायचं, हे कर्जच आहे. आपल्याकडं कितीतरी नियतकालिकांनी आजीव वर्गणी घेतली, सगळी पहिल्या दोन वर्षांत खर्चली आणि मासिकाचंच आयुष्य वर्गणीदाराच्या आधी संपलं. आजीवची रक्कम कायम निधीत ठेवावी आणि व्याजच वापरावं. वार्षिक सभासद बरे, दरवर्षी त्यांना विचारावं लागतं आणि विचारलं की त्यांचंही ऐकावं लागतं.

शेअर विकतात म्हणे. लाभांश किती?

बहुधा शून्य. वेस्ट मिडलंड्सपासून वेल्सपर्यंत अनेक रेल्वेंनी लोकांना शेअर विकून स्टेशनं बांधली, रूळ वाढवले. घेणाऱ्याला मिळतो मत देण्याचा हक्क, कधी प्रवासाचा पास आणि भिंतीवर लावायला देखणं प्रमाणपत्र. शेअर परत विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. आपल्या सोसायटीचा शेअर आठवा: आजोबांच्या नावावर आहे, कागद पेटीत आहे. ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरून कुणी असे पैसे मागत असेल तर तिथून उठा. सरळ ‘परत येणार नाहीत’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

लोक खरंच एवढे पैसे देतात?

थोडे थोडे देतात, पण सोडत नाहीत. इंग्लंडातल्या डार्लिंग्टनला ‘टॉर्नेडो’ नावाचं वाफेचं इंजिन नव्यानं बांधलं. त्या जातीचं एकही इंजिन भंगारातून वाचलं नव्हतं, म्हणून मंडळींनी कोरंच बांधायला घेतलं. १९९० मध्ये सुरुवात झाली, २००८ मध्ये ते धावलं, खर्च सुमारे ३० लाख पौंड. मागणी कशी केली? आठवड्याला एका ग्लास बिअरइतके पैसे द्या, बँकेतून आपोआप कापले जातील. मोठा देणगीदार एकदा देतो आणि पाटी मागतो. दरमहा थोडं देणारा अठरा वर्षं देतो आणि त्याच्या जोरावर पोलादाची ऑर्डर देता येते.

उलट उदाहरणही आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे प्रसिद्ध इंजिन २००४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं २३ लाख पौंडांना घेतलं आणि २०१६ मध्ये ते परत धावेपर्यंत दुरुस्तीवर ४२ लाख गेले. विकत घेणं स्वस्त, ठेवणं महाग. जुना वाडा घेणाऱ्याला हे सांगायला नको.

मृत्युपत्रातल्या देणग्यांवर चालतं का?

मोठा आधार असतो, पण यंदा किती येईल हे ठरवणं आपल्या हातात नसतं आणि नसावंही. अंदाजपत्रकात ती रक्कम धरणारा खजिनदार मला पटत नाही.

हिशेब कुणाला बघायला मिळतो?

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या ब्रिटिश संस्थांचे वार्षिक हिशेब तिथल्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतात. मी लातुरात बसून वाचतो. वाचताना पहिल्यांदा नफा-तोटा बघू नका, टिपा बघा: राखून ठेवलेला निधी किती, त्यातला कारणाला बांधलेला किती आणि मोकळा किती. मोकळा निधी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकाही नसेल, तर एक ओला उन्हाळा ती रेल्वे आडवी करू शकतो. २०२० मध्ये कोरोनात गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा सरकारी मदत आणि लोकांच्या देणग्यांनी अनेक रेल्वे वाचल्या.

मराठवाड्यात असं काही होईल का? खरं सांगा.

लातूर–कुर्डुवाडी २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाली. मनमाड–सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली मीटरगेज तर त्याच्या आधीच रुंद झाली. रुंदीकरणाला नाव ठेवायला माझी जीभ उचलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, ती याच मिरज–कुर्डुवाडी–लातूर वाटेनं. अडीच फुटी रुळावर ते झालं नसतं. तेव्हा ‘जुनीच बरी होती’ हे गाणं आम्ही गात नाही.

पण रूळ आणि जमीन रेल्वेची, म्हणून आपल्याला काहीच करता येणार नाही, हेही खरं नाही. मेलबर्नजवळची ‘पफिंग बिली’ बघा. आपल्या बार्शी लाइटइतकेच अडीच फुटी रूळ, मालकी सरकारी, मंडळ कायद्यानं नेमलेलं आणि राबायला शेकडो स्वयंसेवक. अमेरिकेत ‘कंब्रेस अँड टॉल्टेक’ कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी १९७० मध्ये विकत घेतली. तिथलं मित्रमंडळ वेगळं आहे, ते देणग्या गोळा करतं आणि उन्हाळ्यात येऊन डबे रंगवतं. मालक एक, मित्रमंडळ दुसरं, खाती वेगळी. आपल्याकडं जमलंच तर ते याच रीतीनं जमेल: गाडी नव्हे, आधी एखादं जुनं स्टेशन, एक डबा, एक खोलीचं संग्रहालय. संग्रहालयाच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, हा छोटा फायदाही आहे. पर्यटनाची फेरी सुरू केली तर मात्र सीएंना विचारूनच दर ठरवा.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी मिळेल का?

कंपनी कायद्याच्या यादीत वारसा जतन करणं आहे, म्हणून मागता येतो. कंपन्यांना इमारत आवडते, फीत कापता येते. वॉचमनचा पगार आणि वीजबिल त्यांना आवडत नाही. तेव्हा इमारत मागायच्या आधी ते बिल पुढची दहा वर्षं कोण भरणार, हे कागदावर लिहा.

मी लगेच वर्गणी देतो. कुठं भरू?

कुठंही नाही. आमची नोंदणी झालेली नाही, पावती पुस्तक छापलेलं नाही, बँकेत खातं नाही. कुणी आमच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. घरात बार्शी लाइटचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, पंढरीच्या वारीत गच्च भरलेल्या डब्यासमोर काढलेला फोटो, हमालाचा पितळी बिल्ला असलं काही असेल, तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मागं कोण कधी कुठं हे लिहा आणि वस्तू तुमच्याकडंच ठेवा. वाळवी लागणार नाही अशा जागी.